बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेस, रविवर्मा आणि आमच्या आईंचा काष्ट्याचा प्रश्न

रानजाई

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण मागच्या महिन्यात बडोद्याला जाऊन आले आणि तेव्हापासून घरात एकच विषय चाललाय, तो आता इथे आणून टाकते म्हणजे माझी तरी सुटका होईल.

आई (सासूबाई) मूळच्या बडोद्याच्या. दांडिया बाजारात वाढल्या, १९७१ ला लग्न होऊन ठाण्याला आल्या. आमच्या घरात नुसतं 'महाराज' म्हटलं की ते सयाजीराव, दुसरे कुठले महाराज असतील तर नावानिशी सांगावं लागतं, आणि गायकवाडांबद्दल वाकडं बोलायची तर सोयच नाही. पण गंमत अशी की लक्ष्मीविलास पॅलेस त्यांनी आतून कधी पाहिलेलाच नव्हता. फाटकाबाहेरून जाता येता शिखर दिसायचं तेवढंच. आता गुडघे जेमतेम साथ देतायत तोवर दाखवून आणू म्हणून आम्ही तिघं निघालो.

सुरुवातच घोळाने. रविवारी रात्री पोचलो, सोमवारी सकाळी आई ठेवणीतली साडी नेसून तयार, रिक्षाने फाटकाशी, आणि सोमवारी बंद!! नवरोबांनी 'सगळं चेक केलंय' म्हणून छातीठोक सांगितलं होतं. आई काही बोलल्या नाहीत, फक्त रिक्षावाल्याशी गुजरातीत काहीतरी बोलल्या आणि दोघं हसले. तो दिवस मग कमाटी बागेत झाडाखाली आणि सेवउसळ खाण्यात गेला (वाईट गेला नाही).

मंगळवारी दार उघडायच्या वेळेलाच गेलो. तिकीट स्वस्त नाही, पण ऑडिओ गाइड त्यातच मिळतो. आत फोटो काढायला बंदी आहे, म्हणून इथे फोटो नाहीत, उगाच मागू नका. आणि खरं सांगू का, बरंच झालं, कारण मोबाईल पर्समध्ये असल्यामुळे आम्ही डोळ्यांनी बघितलं.

आता सगळीकडे लिहिलेलं असतं की हा वाडा बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे. काय मोजलं, इमारत की आवार, देव जाणे. आवार आजही पाचशे एकरांच्या आसपास आहे, आत गोल्फ कोर्स आहे, मोतीबाग मैदान आहे, एक जुनी नवलखी वाव (पायऱ्यांची विहीर) आहे, तेव्हा चौपट काय नि आठपट काय. पण ते वाक्य डोक्यात ठेवून आत गेलं की माणूस फक्त माना वर करून 'केवढं मोठं' म्हणत बाहेर येतो. आई नेमकं उलटं करत होत्या, त्या खाली बघत होत्या.

दरबार हॉलची फरशी व्हेनिसच्या पद्धतीची मोझॅक आहे. १२ कारागीर व्हेनिसहून आले होते आणि दीड वर्ष ही जमीनच करत बसले होते. सगळा हॉल मधे एकही खांब न घेता उभा, वर कोरीव लाकडाची तख्तपोशी, बाजूला बायकांसाठी सज्जे, खिडक्यांना बेल्जियमच्या रंगीत काचा. सकाळचं ऊन त्या काचांतून येऊन फरशीवर पडतं तेव्हा खडे कुठले आणि उन्हाचे ठिपके कुठले तेच कळत नाही. आई काठीवर भार देऊन जरा वाकल्या, एका कडेची नक्षी बघितली, नखाएवढे तुकडे, आणि म्हणाल्या, "हे रोज पुसत कोण असेल गं? दीड वर्ष बसवायला आणि जन्मभर पुसायला."

इथेच बडोदा दरबारचे गवई फैयाज खाँसाहेब गायचे. तिथे उभं राहिलं की आवाज कसा घुमत असेल याचा अंदाज येतो, नवऱ्याने हळूच एक 'सा' लावून बघितला, गार्डने बघितल्यावर खोकला काढला.

बाहेर कारंज्याचा चौक, शस्त्रांचा संग्रह, गादी हॉल, सगळं आहे, त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. फेलिची नावाचा इटालियन शिल्पकार महाराजांनी आणला होता, ऑगुस्तो फेलिची, त्याची ब्राँझची नि संगमरवराची कामं जागोजागी आहेत, ती मात्र जवळ जाऊन बघा. हातावरच्या शिरा दिसतात.

पण मुद्दा वेगळाच आहे. पॅलेसच्या आवारात महाराजा फतेसिंह म्युझियम आहे, त्याचं तिकीट वेगळं, आणि बरेच लोक दमून तिथे जातच नाहीत. ती मूळची राजघराण्यातल्या मुलांची शाळा, मुलांना शाळेत न्यायला आवारात छोटीशी रेल्वे होती म्हणे. रविवर्म्याची मूळ तैलचित्रं तिथे आहेत. सीता भूमिप्रवेश, विश्वामित्र-मेनका, लक्ष्मी, सरस्वती. तीच लक्ष्मी आणि सरस्वती हो, जी आपल्या सगळ्यांच्या घरात कॅलेंडरवर, उदबत्तीच्या पुड्यावर, वाण्याच्या दुकानात गल्ल्याच्या वर असते. मी चाळीस वर्षं जिला नमस्कार करत आले ती समोर रंगात, कापडावर, तडे गेलेल्या वार्निशखाली. अंगावर काटा आला माझ्या.

मी हळूच म्हटलं, "आई, रविवर्म्याने सगळ्या देशातले पोशाख बघितले आणि शेवटी देवींना आपली नऊवारी नेसवली." हे मी कुठेतरी वाचलं होतं, जरा भाव खायला बोलले.

आई चित्रापुढे पाच मिनिटं उभ्या. मग म्हणाल्या, "ही नऊवारी नाही. काष्टा कुठाय? निऱ्या बघ कशा पुढे सोडल्यात. काष्ट्याला अशा निऱ्या पडतात का कधी? तुझा रविवर्मा स्वतः कधी नेसला होता?"

तर लोकहो, नऊवारी की पाचवारी? महिना झाला, घरात शांतता नाही.

---

खडीसाखर

काय सुंदर लिहिलंय गं! 'खोकला काढला' वाचून फुटले :))

काष्ट्याचं म्हणशील तर आईंचा पॉइंट आहे. मीही तेच वाचत आलेय की नऊवारी नऊवारी, पण आता गुगलवर लक्ष्मीचं चित्र मोठं करून बघितलं तर ओचा दिसत नाहीये. ओचा नाही तर नऊवारी कसली?

---

पितळी_डबा

समोरून काष्टा दिसणार कसा, देवी काय पाठमोरी उभी आहे?

---

रानजाई

@पितळी_डबा, हेच आमचे हे म्हणाले. आईंनी त्यांना दिलेलं उत्तर इथे लिहिता येणार नाही. सारांश असा की काष्टा घातला की साडी पुढून पण वेगळी बसते, दोन पायांत विभागते, पोटऱ्यांवर ओढ येते, हे ज्याने रोज नेसलंय त्याला लांबून कळतं. आईंच्या आईने जन्मभर नऊवारीच नेसली.

---

मु_पो_बडोदे

धागा बघून लॉगिन केलं. चौथी पिढी बडोद्यात, रावपुऱ्यात घर. मराठी बोलतो पण मधे मधे गुजराती घुसलं तर सांभाळून घ्या.

थोडी माहिती. रविवर्मा पहिल्यांदा आले ते १८८१ मध्ये, सयाजीरावांना राज्याचे अधिकार मिळाले त्या समारंभाच्या वेळी. मागे हात होता दिवाण सर टी. माधवराव यांचा, ते आधी त्रावणकोरला दिवाण होते त्यामुळे ओळख. मग १८८८ मध्ये महाराजांनी नव्या राजवाड्यासाठी १४ पौराणिक चित्रांची ऑर्डर दिली, रामायण महाभारतातले प्रसंग. ती ऑर्डर मिळाल्यावर दोघं भाऊ (धाकटे राजराज वर्मा कायम बरोबर असायचे) उत्तरेकडे फिरायला निघाले, की पुराणातल्या लोकांना कपडे कुठले घालायचे ते ठरवू. आणि त्यांना काय दिसलं, तर प्रत्येक प्रांतात वेगळं. म्हणजे 'भारतीय पोशाख' असा काही नव्हताच. मग साडी हा मधला रस्ता काढला. त्यात मराठी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे हे खरं, पण सगळ्या चित्रांत एकसारखी नाही. लक्ष्मी सरस्वती तर १८९६ च्या, त्या १४ चित्रांनंतरच्या. तेव्हा रानजाईताई, तुम्ही पण बरोबर आणि मासी पण बरोबर. (आमच्याकडे असंच भांडण मिटवतात.)

१४ चित्रं तयार झाल्यावर इथे लावायच्या आधी मुंबईत पण लोकांना बघायला ठेवली होती. देवळात जायला ज्यांना मज्जाव होता त्यांनीही देव बघितले असतील त्या निमित्ताने, असं मला नेहमी वाटतं.

---

शेवग्याची_शेंग

छान. पण एक विचारू का, रागावू नका कुणी. हे सगळं वैभव आलं कुठून? शेतसाऱ्यातूनच ना? मराठवाड्यातल्या आमच्या आजोबांच्या तोंडून निजामाच्या वाड्यांचं कौतुक कधी ऐकलं नाही, वेठबिगार ऐकली. गुजरातेत काय वेगळं असणार? व्हेनिसचे कारागीर दीड वर्ष आणि १८७७ चा दुष्काळ होऊन तेव्हा किती वर्षं झाली होती?

---

पितळी_डबा

आलं, आलं. वाटच बघत होतो.

---

रानजाई

@शेवग्याची_शेंग, रागवायचं काय त्यात, प्रश्न मलाही पडला होता आणि मी तो आईंसमोर विचारायची हिंमत केली नाही. दरबार हॉलमधून बाहेर येताना एकदा वाटलं खरं की एवढं सगळं एका कुटुंबाला.

---

मु_पो_बडोदे

प्रश्न बरोबर आहे आणि बडोद्यात पण लोक विचारतात. दोन गोष्टी सांगतो, समर्थन म्हणून नाही. एक, वाड्याचं काम सुरू झालं तेव्हा महाराज स्वतः वयात आलेले नव्हते. १८७५ मध्ये नाशिककडच्या कवळाण्याहून गोपाळराव नावाचा १२ वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक आणला, मल्हाररावांना इंग्रजांनी पदच्युत केलं होतं त्यानंतर. तेव्हा कारभार माधवरावांकडे होता. दुसरं, वाडा १८९० ला झाला, आणि १८९३ ला त्याच माणसाने अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून बघितलं, १९०६ ला सगळ्या राज्यात. मुलींना पण. गावोगाव लायब्ररी, फिरत्या पेट्या. तर हिशोब ज्याने त्याने आपला लावावा.

---

गिरणगावकर

हिशोबात अजून एक पान घाला. बाबासाहेबांना १९१३ ला कोलंबियाला जायला शिष्यवृत्ती याच सयाजीरावांनी दिली. आणि १९१७ ला बाबासाहेब करारानुसार बडोद्यात नोकरीला आले तेव्हा त्यांना राहायला कुणी खोली देईना. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. तिथून निघून ते कमाटी बागेत झाडाखाली बसून रडले. आज तिथे संकल्प भूमी आहे. रानजाई, तुम्ही सोमवारी ज्या बागेत सेवउसळीच्या आधी बसलात ती हीच बाग. तेव्हा पॅलेसला जाणाऱ्यांनी इकडेही जा. राजा एका बाजूला आणि त्याच्याच शहरातले कारकून चपराशी दुसऱ्या बाजूला, ऑफिसात फायली लांबून फेकायचे. वडील आम्हाला १४ एप्रिलला न्यायचे नाही, मुद्दाम सप्टेंबरात न्यायचे, गर्दी नसते म्हणून, झाडाखाली अर्धा तास काही न बोलता बसायचो.

---

रानजाई

@गिरणगावकर, मला बागेचं माहीत होतं पण त्या दिवशी डोक्यात आलंच नाही. आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हो, ते झाड आमच्या शाळेच्या रस्त्यावर होतं, कुणी सांगितलं नाही आम्हाला." पुढे काही बोलल्या नाहीत.

---

कोल्हापुरी_लवंगी

काय राव, कोल्हापूरचं नाव निघालं नाही अजून, म्हणजे मलाच काढावं लागणार.

लक्ष्मीविलासचा आर्किटेक्ट मेजर चार्ल्स मँट, त्यानेच आमचा न्यू पॅलेस बांधलाय, १८७७ ते ८४. दोन्ही बघितलेत मी. आमचा काळ्या दगडाचा, आटोपशीर, आणि दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. बडोद्यात बेल्जियमहून आल्या, आमच्यात बघा विषय कुठला निवडला.

आणि मुख्य म्हणजे आमच्या टॉवरला घड्याळ आहे!! बडोद्याच्या टॉवरला नाही. ऑडिओत सांगतात की टोल्यांचा त्रास होईल म्हणून घड्याळ बसवलंच नाही, त्याऐवजी लाल दिवा लावला, महाराज घरी असले की पेटायचा. आम्ही कोल्हापूरकरांनी टोले सहन केले.

---

खडीसाखर

मी ऐकलंय की त्या मँटने बडोद्याचं काम चालू असताना आत्महत्या केली, कारण त्याला वाटलं आपलं गणित चुकलंय आणि इमारत पडणार. खरं आहे का? फारच वाईट वाटतं असं काही ऐकलं की.

---

वाळवणकाकू

@खडीसाखर, माझे यजमान स्ट्रक्चरल इंजिनिअर, आता निवृत्त. आम्ही गेलो होतो तेव्हा गाइडने हीच गोष्ट रंगवून सांगितली. खात्रीची गोष्ट एवढीच की मँट १८८१ मध्ये गेला आणि काम पुढे मद्रासच्या चिझम या आर्किटेक्टने पुरं केलं. इमारत पडणार या भीतीने त्याने जीव दिला हे सगळीकडे सांगतात, पण माणसाच्या मनात शेवटी काय होतं ते कोण छातीठोक सांगणार.

आमचे हे त्या दिवशी सगळ्यांच्या मागे राहिले. पोर्चच्या कमानींखाली उभे राहून खांबाला हात लावून बघत होते. मी हाक मारली तर म्हणाले, "काहीही होणार नाही याला. २००१ चा भूकंप इथपर्यंत जाणवला होता. त्याने हे बघायला हवं होतं." मग बराच वेळ गप्प होते. त्यांच्याही एका कामाला एकदा तडा गेला होता, तेव्हा दोन महिने झोपले नव्हते, मला एकटीलाच माहिती आहे ते.

---

कोल्हापुरी_लवंगी

काकू _/\_

घड्याळाचं परत घेतो आज.

---

मु_पो_बडोदे

चिझमबद्दल जोडतो. बडोदा कॉलेजचा तो मोठा घुमट (आता युनिव्हर्सिटीची आर्ट्स फॅकल्टी) आणि न्यायमंदिर, दोन्ही त्याचंच. म्हणजे वाडा बघून झाल्यावर शहरात फिरलात तर तोच हात ओळखू येतो. आणि दगड बघा वाड्याचा: पिवळट आहे तो सोनगडचा, लाल आग्र्याचा, निळसर काळा पुण्याकडचा. सोनगड म्हणजे गायकवाडांची मूळ गादी, पिलाजीरावांच्या वेळची. बडोदं नंतर.

---

रानजाई

अरे वा, हे सोनगडचं आईंना आत्ताच सांगितलं तर चेहरा बघण्यासारखा झाला. "मग, पिवळा दगडच समोर लावलाय की नाही!"

---

शेवग्याची_शेंग

मी परत आलोय, भांडायला नाही. रविवर्मा मला कधीच आवडला नाही, सांगून टाकतो. सगळ्या देवी एकसारख्या गोऱ्यापान, सगळ्या नाटकातल्या नटीसारख्या उभ्या, मागे पडदा टाकल्यासारखं आभाळ. अजिंठा ज्यांच्या दारात आहे त्यांनी याला एवढं का डोक्यावर घ्यावं? युरोपातली तैलरंगाची तऱ्हा उचलली आणि आपले देव त्यात ओतले.

---

खडीसाखर

पण म्हणूनच तर घरोघरी गेले ना ते? आमच्या आजीला अजिंठा माहीत नव्हता, रविवर्म्याची लक्ष्मी माहीत होती.

---

मु_पो_बडोदे

घरोघरी गेले ते छापखान्यामुळे. १८९४ ला मुंबईत प्रेस काढला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, पुढे जर्मन तंत्रज्ञ श्लायशरला विकून टाकला. दगडावरून छापायचे, एकेका रंगाचा वेगळा दगड. आणि छापून काढायची कल्पना पण टी. माधवरावांनीच आधी पत्रातून सुचवली होती. आता मजा बघा, सिनेमावाले दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात (कला शिकवायची शाळा) शिकले आणि नंतर त्या रविवर्मा प्रेसमध्ये काम केलं. म्हणजे नाटकातल्या नटीसारख्या देवी तिथून थेट पडद्यावर. शेंगदादा, तुमची तक्रार बरोबर जागी लागतेय :)

---

रानजाई

@शेवग्याची_शेंग, कॅलेंडर बघून मलाही तसंच वाटायचं. पण मूळ चित्र बघाच एकदा, छापातलं सगळं वेगळं. छापात गाल गुळगुळीत गुलाबी होतात, मूळात तसं नाहीये. सीता भूमिप्रवेश घ्या. भूमी सीतेला पोटाशी धरून खाली नेतेय आणि राम हात पुढे करून, म्हणजे हात पोचणार नाही हे त्यालाही कळलंय असा तो हात आहे. हे चित्र १४ च्या ऑर्डरच्या आधीचं, १८८० चं. त्याच्यापुढे आई सगळ्यात जास्त वेळ होत्या, आणि तिथे साडीचा विषयच निघाला नाही. फक्त म्हणाल्या, "आता धावतोय." एवढंच, आणि पुढच्या चित्राकडे गेल्या.

गोऱ्यापान बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत.

---

शेवग्याची_शेंग

"आता धावतोय."

बरं. बघतो जाऊन.

---

वाळवणकाकू

रानजाई, सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

चित्रंच बघायची असतील तर अजून दोन जागा सांगते, पर्यटक सहसा जात नाहीत. रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे, दिवाण भाऊ तांबेकरांचा. लाकडी वाडा, बाहेरून काही वाटत नाही, आत वरच्या मजल्यावर भिंती चित्रांनी भरलेल्या, मराठा पद्धतीची. कृष्णलीला, मिरवणुका, बायका, मधेच युरोपियन बाई. पुराणवस्तू खात्याकडे आहे. आणि दुसरं कीर्ती मंदिर, गायकवाडांच्या छत्र्यांची जागा. आत नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, गंगावतरण, मीराबाई, महाभारत युद्ध. शांतिनिकेतनहून येऊन केलेली. म्हणजे एकाच गावात तांबेकर वाड्यातला अनामिक चितारी, मग रविवर्मा, मग नंदलाल. आमच्या ह्यांना दोन्हीकडे फक्त भिंतीतली ओल दिसली, ते सोडा.

---

मु_पो_बडोदे

काकू, तांबेकर वाडा आमच्या घरापासून पाच मिनिटांवर! लहानपणी तिथे लपाछपी खेळलोय, चित्रांकडे ढुंकून बघितलं नाही. कॉलेजात असताना फाइन आर्ट्सची मुलं वह्या घेऊन तिथे तासनतास बसलेली दिसायला लागली तेव्हा कळलं की आपल्या गल्लीत काय आहे. ती फॅकल्टी पण बघण्यासारखी आहे, १९५० ची, चित्रकार ना. श्री. बेंद्रे सर होते सुरुवातीला.

---

नवा_भिडू

पहिलाच प्रतिसाद, चुकलं तर सांगा. आम्ही पुण्याहून डिसेंबरात चाललोय, आई बाबा दोघं सत्तरीचे, मुलगी सहा वर्षांची. पॅलेस आणि म्युझियम एका दिवसात होईल का? पायऱ्या किती आहेत? मुलगी कंटाळेल का?

---

रानजाई

स्वागत! होईल, पण सकाळी जा आणि सोमवार सोडून जा (हे मी फाटकाला हात लावून सांगतेय). पायऱ्या आहेत, पण आम्ही ज्येष्ठांना घेऊन आरामात केलं, मधे बसत बसत. गेटपासून वाड्यापर्यंतच बरंच अंतर आहे, तेवढं चालणं धरून ठेवा, रिक्षा कुठपर्यंत सोडेल ते आधी विचारा. घाई करू नका, आधी म्युझियम करा आणि मग वाडा, आम्ही उलटं केलं आणि चित्रांपाशी पोचेपर्यंत पाय बोलायला लागले होते. मुलीला शस्त्रं आणि ती शाळेच्या रेल्वेची गोष्ट सांगा. शिवाय ऑडिओचं यंत्र कानाला लावून फिरायला मिळतं यातच मुलं खूश असतात.

पाणी जवळ ठेवा. आणि नऊवारी नेसणारं कुणी घरात असेल तर बरोबर न्या, मला दुसरं मत हवंय.

---

पितळी_डबा

एक बातमी आणलीय. धागा वाचून गावी काकांना फोन केला. आमच्या जुन्या घरात माडीवर एक फ्रेम होती, लहानपणी आम्ही तिला 'हंसवाली' म्हणायचो. काकांनी काढून पुसली आणि फोटो पाठवला. दमयंती आणि हंस. खाली बारीक अक्षरात रविवर्मा प्रेस, कार्ला लोणावळा. कडेला वाळवीने खाल्लंय, साडीच्या काठावर कुणीतरी खरीखुरी जर आणि टिकल्या चिकटवल्यात. काकू म्हणतात पणजीने चिकटवल्या.

---

वाळवणकाकू

जर टिकल्या लावायची पद्धतच होती तेव्हा! बायका दुपारी बसून चित्रातल्या देवींना नटवायच्या. काढून टाकू नका हं त्या, आणि ओल्या फडक्याने पुसायचं नाही सांगा काकांना. काचेच्या आत कागद चिकटला असेल तर ओढू नका, जाणकाराला दाखवा.

---

खडीसाखर

अय्या, पणजीने!! फोटो टाक ना.

---

रानजाई

@पितळी_डबा, ते सगळं जाऊ दे, ती नेसलीय काय??

---

पितळी_डबा

हेच विचारणार माहीत होतं. मोठं करून बघितलं. पण ऐन निऱ्यांच्या जागीच पणजीने टिकल्यांची वेलबुट्टी काढलीय. काही कळत नाही.

---

रानजाई

आईंना फोटो दाखवला. चष्मा पुसून दोनदा बघितला. म्हणतायत, "तिलाही पटलं नसणार, म्हणून झाकून टाकलं."

डिसेंबरची तिकिटं बघतेय. मूळ चित्रापुढे परत एकदा उभं राहायचंय म्हणे, यावेळी बाजूने. नवा_भिडू, तुम्ही कुठल्या तारखेला आहात?